पंचमास्तरांचा पांढरा सदरा

अकोल्याहून अमरावतीला येणाऱ्या एसटीत पंचमास्तर उभ्यानं यायचे. गाडी भरलेली असो की रिकामी. मूर्तिजापूरला निम्मे लोक उतरायचे, कंडक्टर बिचारा म्हणायचा, "आता तरी बसा ना बावा," तरी हे दांडी धरून उभेच. कारण एकच. बसलं की सदऱ्याची इस्त्री मोडते. अंगात पांढरा सदरा, पांढरी पॅन्ट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, अशा अवतारात हा माणूस तीन तास उभा राहायचा आणि अमरावतीच्या स्टँडवर उतरायचा तेव्हा नुकताच कपाटातून काढल्यासारखा दिसायचा. आम्ही त्याच गाडीनं आलो की आमचे कपडे आईनंही ओळखले नसते. धूळ त्यांना बघून वाट बदलते, असं आम्ही त्यांच्या पाठीमागं म्हणायचो. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

खरं तर ते मास्तर नव्हतेच. अकोल्याच्या टपाल कचेरीत पत्रं गावोगावच्या खान्यांत टाकायचं त्यांचं काम. राहायला मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात, दोन खोल्यांत. पण कबड्डी असो, खो-खो असो, की पोट्ट्यांचं क्रिकेट असो, शिट्टी यांच्याच गळ्यात, म्हणून ते पंच. आणि एवढ्या टापटिपीच्या माणसाला नुसतं पंच म्हणायला जीभ रेटेना, म्हणून मागं मास्तर लागलं. त्यांचं खरं नाव मला पहिल्यांदा कळलं ते फार पुढं, आणि तेव्हा ते स्वतः नव्हते.

साठ साल उलटून गेलं होतं. मी अमरावतीत एका शाळेवर नवा मास्तर लागलो होतो, खराखुरा, हजेरीपटवाला. गाव नांदगाव पेठेजवळचं, घरी काळी जमीन, अंगात मस्ती. लोक मला बापू म्हणत. अमरावतीला व्यायामाचं वेड पहिल्यापासूनच, त्यात आमच्या एका सरांनी मद्रासहून बेसबॉल नावाचं नवं प्रकरण आणलं. सामान म्हणजे दोन बॅटी, चार हातमोजे, तीन चेंडू आणि तोंडाला लावायची लोखंडी जाळी एक. एवढ्यावर आम्ही अमरावतीचा संघ उभा केला, अकोल्यानं त्यांचा केला, आणि नाताळच्या सुट्टीत लागोपाठच्या दोन रविवारी दोन सामने ठरले, दुसरा फायनल. खेळाचे नियम छापलेलं एकच पुस्तक होतं. ते इंग्रजीत होतं आणि आमच्यात ते पूर्ण वाचलेला एकच इसम होता. तो म्हणजे पंचमास्तर. टपालाच्या पिशव्या येईपर्यंत जो वेळ मिळे त्यात त्यांनी ते पाठ केलं होतं.

निकाल देण्याची त्यांची एक पद्धत होती. ओरडायचे नाहीत. खेळाडू बाद झाला की दोन पावलं त्याच्याकडे जायचे आणि लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं म्हणायचे, "आउट हाय तुमी. सावलीत बसा." दहा वर्षांचं पोरगं असलं तरी 'तुमी'च. एखादा हुज्जत घालू लागला तर म्हणायचे, "मले दिसलं ते सांगतलं. मले काय वाटलं ते मी घरी ठेवून येतो." एकदा कबड्डीत त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला बाद दिलं. त्या दिवशी मास्तरांच्या घरी वहिनींनी वरणात मिठाचा खडासुद्धा टाकला नाही. मास्तर मुकाट्यानं जेवले. आम्ही विचारलं, "मास्तर, बोलले काहून नाई?" तर म्हणाले, "ते घरचं मैदान हाय. तेथं शिट्टी त्यायच्याकडं असते."

आता त्या पांढऱ्याची गोष्ट सांगतो. आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीत बेसबॉलचा पांढरा चेंडू दहा मिनिटांत जांभूळ व्हायचा. मग दोन डावांच्या मधे मास्तर खाली उकिडवे बसायचे, आपल्या बुटांना लावायचा पांढरा रंग काढायचे आणि ओल्या चिंधीनं चेंडू रंगवायचे. रंगवून झाला की सदऱ्याशेजारी धरून बघायचे. सदऱ्याइतका पांढरा झाला म्हणजे पास. हे काम ते इतक्या प्रेमानं करायचे, की त्यातून काय होऊन बसलंय हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि आमच्याही.

कारण त्यांची उभं राहायची जागा. पुस्तकात म्हटलं होतं, पंचानं चेंडू अडवणाऱ्याच्या मागं उभं राहावं. पण तिथं तोंडाला जाळी पाहिजे, आणि जाळी एकच, ती चेंडू अडवणारा लावणार. मास्तर एकदा बिनजाळीचे तिथं उभे राहिले होते. चेंडू बॅटीला चाटून आला आणि चष्म्याचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून ते क्रिकेटच्या सवयीनं चेंडू टाकणाऱ्याच्या मागं उभे राहू लागले. म्हणजे बघा, समोरून येणारा चेंडू पांढरा, आणि तो ज्याच्या पुढून येतोय तो सदराही पांढरा. बॅट धरून उभ्या असलेल्याचं काय होत असेल? तर हा प्रश्न त्या दिवसापर्यंत कोणालाही पडला नव्हता. मलाही नाही. मला चेंडू छान दिसायचा. माझी नजर घारीची होती, हे मी आज म्हातारपणी कबूल करतो, कारण त्याच नजरेनं माझा घात केला.

पहिल्या रविवारी आमचा अकोल्याशी सामना. माझ्या वर्गातली चाळीस पोरं बघायला आलेली. वर्षभर मी त्यांच्या कानीकपाळी ओरडत होतो, "नजर चेंडूवर ठेवा, घाई करू नका." आणि मी बॅट घेऊन उभा राहिलो तो पोरांकडे बघत बघतच. पहिला चेंडू आला, मी बॅट फिरवली, चेंडू मागून आला. दुसरा, तसंच. तिसऱ्याला तर चेंडू निघायच्या आधीच माझी बॅट गोल फिरून खांद्यावर आली होती. तीन हुकले की बाद, असा या खेळाचा नियम. मास्तर दोन पावलं पुढं आले. "आउट हाय तुमी, बापू. सावलीत बसा."

सावलीत पोरं बसली होती. चाळीस. त्यातलं पुढचं एक कार्टं म्हणालं, "सर, नजर चेंडूवर नव्हती का?" आता काय सांगू? माझ्या तोंडून निघालं, "अरे, दिसला तर पाहिजे! पंचाचा सदरा पांढरा, चेंडू पांढरा. दिसणार काय, कपाळ?"

झालं. पोरांनी ते पलीकडे सांगितलं, पलीकडच्यांनी आणखी पलीकडे. आमचा हरलेला संघ त्या वाक्याला असा लटकला की विचारू नका. ज्याला त्याला आठवू लागलं की आपल्यालाही चेंडू दिसत नव्हता. संध्याकाळी समितीची बैठक बसली. समितीचे सेक्रेटरी एक वकीलसाहेब होते, मोठे व्यासंगी आणि बोलायला गोड. त्यांनी पंचमास्तरांना बोलावून सांगितलं, "पुढच्या रविवारी फायनल आहे. तुम्ही पांढरा सोडून दुसरा कोणताही रंग घाला. खाकी घाला. नसेल जमत तर दुसरा पंच बघू." मास्तर म्हणाले, "सायेब, सदरा माहा हाय. तो मी कोणाच्या हुकमानं उतरवत नाई." आणि मग, मास्तर दाराबाहेर पडल्यावर, वकीलसाहेब आमच्याकडे बघून हसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "छप्पन्न सालापासून यांना पांढऱ्याचा फारच सोस आलाय."

दोन-तीन जण हसले. मी हसलो नाही, पण गप्प बसलो, आणि गप्प बसणं हे हसण्यापेक्षा फार बरं असतं अशातला भाग नाही. मी पोरांपुढची इज्जत वाचवायला एक थाप मारली होती, आणि ती थाप हिंडत हिंडत भलत्याच दारात जाऊन उभी राहिली होती.

पंचमास्तरांच्या मागं दार अजून बंद झालेलं नव्हतं. ते परत आत आले. मला वाटलं, ऐकलं की काय. ऐकलं असेल तर चेहऱ्यावर दाखवलं नाही. म्हणाले, "सायेब, हुकूम नको. तपासून पाहू. उद्या सकाळी तीन जण बॅट घेऊन येतीन. हरेकाले दहा चेंडू मी सदऱ्यात उभा राहून, अन् दहा चेंडू सदरा झाकून. सदरा आड येत असन, तर मले दिसनच." वकिलाला पुरावा नको म्हणता येत नाही. ठरलं.

सामन्याचे लोक शाळेच्या खोल्यांत उतरले होते. दिवेलागणीला मी मास्तरांच्या खोलीत गेलो. सांगून टाकावं म्हणूनच गेलो होतो. ते शेजारच्या लाँड्रीतून कोळशाची इस्त्री मागून आणून सदऱ्यावर फिरवत होते. "या बापू," म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच बोलू लागले. पातूरच्या बाजूला त्यांचं गाव. सातवी पास झाले तेव्हा आईनं मजुरीच्या पैशातून पहिला नवा सदरा शिवला, पांढरा. तो घालून ते गावातून निघाले तर पारावरचा एक जण म्हणाला, "लय पांढरा दिसून राहिला रे," आणि शेणानं भरलेला हात त्यानं त्यांच्या पाठीवर पुसला. बाकीचे हसले. "मायनं तो सदरा सात डाव धुतला," मास्तर म्हणाले. "डाग गेला. पण मी पुन्हा गावात पांढरं घातलं नाई. मंग छप्पन्न साली आमी नागपूरले गेलो दीक्षा घ्याले. पांढऱ्यात गेलो. लाखो मानसं पांढऱ्यात. त्या दिवशी मी ठरवलं, आता हे उतरवाचं नाई."

इस्त्री चालूच होती. कॉलरपाशी आले की ते श्वास रोखून धरायचे. मी तिथं पाऊण तास बसलो. माझ्या जिभेवर तीन वेळा वाक्य आलं आणि तिन्ही वेळा मी ते गिळलं. शेवटी "सकाळी थंडी असेल" असलं काहीतरी बोलून उठलो. माझ्यासारखा भित्रा माणूस त्या दिवशी अख्ख्या अमरावतीत दुसरा नसेल.

सकाळी मैदानावर बॅट घेऊन तिघं होतो. अकोल्याचा रशीद, ज्याच्या घरी जुन्या शहरात कपडे रंगवण्याचा पिढीजात धंदा, आमचा औषधाच्या दुकानातला गोपाळ, आणि मी. सदरा झाकायला मास्तरांनी शाळेच्या पहारेकऱ्याची काळी घोंगडी आणली होती. नेहमीच्या जागी ते पहिल्यांदा पांढरेशुभ्र उभे राहिले. रशीदला दहांतले चार लागले, गोपाळला पाच. मग मास्तरांनी घोंगडी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लपेटून घेतली. चष्मा, शिट्टी आणि खाली घोंगडी. बकऱ्या चुकलेल्या धनगरासारखे दिसत होते. गोपाळ तर हसू आवरेना म्हणून पाठ करून उभा राहिला. पण घोंगडी आल्यावर रशीदला आठ लागले आणि गोपाळलाही आठ. वकीलसाहेब मान डोलावत होते.

मग मी उभा राहिलो. आता बघा, माझ्यापुढं दोन वाटा होत्या. पांढऱ्या सदऱ्यासमोर मी दहाच्या दहा चेंडू टोलवले असते, आणि ते मी टोलवू शकत होतो, तर मास्तरांची बाजू थोडी तरी सावरली असती. पण मग काल मी काय बोललो होतो? पोरं कुंपणाबाहेर उभी होती. वकीलसाहेब होते. मी समोर बघितलं. मास्तर ताठ उभे, चष्म्याआडून माझ्याकडे बघताहेत. चेंडू सुटला. मला त्याची शिवणसुद्धा दिसत होती. मी बॅट हवेत फिरवली. एक, दोन, तीन... दहाही चेंडू मी हवेत मारले. घोंगडी आल्यावर नऊ टोलवले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. देवाशपथ सांगतो, इतक्या घाण वाटणाऱ्या टाळ्या मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत.

मास्तरांनी घोंगडी काढली, चार घड्या घातल्या, पहारेकऱ्याच्या हातात दिली. मग वकीलसाहेबांपाशी दोन पावलं जाऊन म्हणाले, "सदरा आड येते, सायेब. आउट हाय मी. रविवारी पांढरा घालत नाई."

"शाबास," वकीलसाहेब म्हणाले. "खाकी चालेल."

"पांढरा सोडून कोणताही, असं तुमी काल म्हणले," मास्तर म्हणाले. "रंग माह्या मनाचा."

तो आठवडा मला गेला कसा ते मलाच ठाऊक. मास्तर रविवारी येतातच की नाही, आले तर त्या खाकीत कसे दिसतील, याच्यापलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हतं. पोरांना 'नजर चेंडूवर' म्हणायचं मी सोडून दिलं. रविवारी दोन तास आधीच जाऊन स्टँडवर उभा राहिलो. अकोल्याची गाडी आली. आधी रशीद उतरला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. त्याच्या मागून मास्तर उतरले.

अंगात सदरा तोच, शिवण तीच, इस्त्री तशीच कडक. रंग मात्र निळा. साधासुधा नाही. गर्द, भरदार, लांबून डोळ्यांत भरणारा निळा. रशीदनं जीव ओतला होता. मैदानावर एकजण ओरडला, "काहून मास्तर, नीळ जास्त पडली का?" मास्तर शांतपणे म्हणाले, "जेवढी पाहिजे तेवढीच पडली. अन् हा बी आपलाच रंग हाय." वऱ्हाडात तो रंग कोणाचा, त्याचे झेंडे कोणत्या दिवशी निघतात, हे वकीलसाहेबांना काय समजावून सांगायला हवं होतं? ते खुर्चीवर नीट बसले. पांढरा सोडून कोणताही, हे त्यांचेच शब्द होते. मला त्या क्षणी मास्तरांना मिठी मारावीशी वाटली. ती मारली असती तर इस्त्री मोडली असती, एवढं निमित्त मला पुरलं.

चेंडू त्या दिवशी सगळ्यांना लख्ख दिसला. अशी मारामारी आम्ही त्या खेळात कधी पाहिली नव्हती. गोपाळनं एक चेंडू कुंपणापलीकडच्या संत्र्याच्या ठेल्यात टाकला. रशीदनं निळ्या हातांनी तीन बेस धावून काढले. आणि मग माझी पाळी आली. सदरा निळा, चेंडू पांढरा, ऊन स्वच्छ, चाळीस पोरं सावलीत. पहिल्या चेंडूला मी घाई केली. दुसऱ्याला घाई केली. तिसऱ्याची कथा सांगत बसत नाही. मास्तर दोन पावलं आले. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. "आउट हाय तुमी, बापू," म्हणाले. सावलीतल्या पोरांनी त्या दिवशी मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि ते फार वाईट होतं.

सामना अकोल्यानं जिंकला. पुढं चार-पाच वर्षांत आमचा बेसबॉल आपोआप मिटला. चेंडू फाटले, बॅटी मोडल्या, मद्रासहून खेळ आणणारे सर बदलून गेले. निळा सदरा मात्र सगळ्या वऱ्हाडात ओळखीचा झाला. कबड्डीलाही मास्तर तोच घालू लागले, आणि पंच म्हटलं की निळा, असं लहान पोरं समजू लागली. घरी, कचेरीत, लग्नाकार्यात ते पांढऱ्यातच असत. दोघांची इस्त्री सारखीच.

मग त्यांची यवतमाळला बदली झाली. मला कळलं तसा मी मूर्तिजापूरच्या रेल्वे स्टेशनावर गेलो. तिथं मोठ्या गाडीतून उतरून यवतमाळची अरुंद रुळांवरची छोटी गाडी धरायची असे, आणि ती छोटी गाडी सुटायची घाई कधीच करत नसे. वहिनी सामान लावून बायकांच्या डब्यात बसल्या होत्या. मी मास्तरांना फलाटाच्या टोकाला नेलं आणि एका दमात सांगून टाकलं. पहिल्या दिवशी मला चेंडू दिसत होता, दुसऱ्या दिवशीही दिसत होता, मी खोटं खेळलो, तुमचा सदरा माझ्या थापेनं गेला.

मास्तर चष्मा पुसू लागले. "मालूम होतं मले," म्हणाले. "ज्याले चेंडू दिसत नाई त्याची बॅट उशिरा फिरते. रशीदची फिरे, गोपाळची फिरे. तुमची लवकर फिरून राहिली होती."

"मग तेव्हा बोलला का नाहीत, मास्तर?"

"काय बोलू? तुमी खोटे होते, बापू. पण गोष्ट खरी होती. त्या दोघायले सदऱ्यानं चेंडू दिसत नव्हता, ते माह्या डोयानं मी पाह्यलं. निकाल सदऱ्याचा द्याचा होता. तुमचा निकाल मले कोणी मांगतला नव्हता."

मला वाटलं, सुटलो. पण माणसाला गप्प बसवत नाही. मी विचारलं, "मनाला लागलं होतं का?"

त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "लागलं ना. सदऱ्याचं नाई. आदल्या दिवशी इस्त्री करताना मी तुमाले सगळं सांगतलं होतं. तुमी बॅट घेऊन उभे राहिले, तर चेंडूकडं पाहतच नव्हते. माह्या तोंडाकडं पाहून राहिले होते. मले वाटे, आता बोलतीन बापू. आता बोलतीन. दहा चेंडू मी वाट पाह्यली."

मी फलाटावर रडलो. तिशीतला माणूस, मास्तर, मिशीवाला, हमालांच्या देखत ढसाढसा रडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पुरे झालं," म्हणाले, "गाडी सोडली तं तुमची वहिनी एकटी जाईन यवतमाळले." आणि खरंच तेव्हा गाडी हलली. छोटी गाडीच ती. ते चार पावलं भरभर चालले आणि चढले.

नंतर पत्रं येत राहिली, सुवाच्य अक्षरात, पत्ता पोस्टाच्या नियमाप्रमाणे चार ओळींत, खाली सही 'पंचमास्तर' एवढीच. मग एक पत्र दुसऱ्याच अक्षरात आलं. त्यात एक नाव होतं आणि ते वारल्याचं लिहिलं होतं. हे कोण, म्हणून मी दोन वेळा वाचलं, आणि मग खाली यवतमाळचा पत्ता दिसला.

मी गेलो. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. "वहिनी, मी अमरावतीचा बापू," असं म्हटलं, आणि जीव मुठीत धरला. यांना सगळं ठाऊक असणार. घरी ठेवून येतो म्हणायचे ना ते मनातलं सगळं, ते घर हेच. वरणात मीठ न घालणारी बाई ही. मला उंबऱ्यात तरी येऊ देईल की नाही?

वहिनींचा चेहरा उजळला. "अगं बाई, तुमी बापू? या ना, आत या. तुमची लय आठवण काढत. बेसबॉलच्या गोष्टी निघाल्या की पोरायले सांगत, रशीद असा धावे, गोपाळ असा टोला मारे."

"आणि मी?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"तुमचं ना," वहिनी म्हणाल्या, "तुमचं एकच सांगत. म्हणत, सगळ्या वऱ्हाडात चेंडू साफ दिसे तो एकट्या बापूले."